बडोद्यातली कला शोधायची कशी? नव्याने राहायला आलेल्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. वर्षभरापूर्वी तुम्ही नाशिकहून बडोद्याला आलात, वासणा रोडला राहता, मुलगी दहा वर्षांची आहे. बडोदं म्हणजे संस्कारनगरी, चित्रकारांचं गाव, असं ऐकून आला होतात. प्रत्यक्षात रस्त्यावर सर्कल आणि पुतळे दिसतात, आणि प्रदर्शनांचे फोटो पेपरात येतात ते प्रदर्शन संपल्यावर. गुजराती वाचता येत नाही, सवड फक्त रविवारी, आणि ‘आम्हाला कलेतलं काही कळत नाही’ हेही तुम्ही लिहिलं आहे. कुठे यादी मिळेल का, असं विचारलंत.

मी इथल्याच फाईन आर्ट्समध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात, शिल्पकला शिकले, पुढे शाळेत कला शिकवली, आणि आता शहरात नवीन आलेल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी हिंडवून आणते. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. यादी द्यायला माझी ना नाही, पण ती वर्षभरात जुनी होते. गॅलरी जागा बदलते, एखादी बंद पडते, कुणाच्या तरी बंगल्याच्या गच्चीवर नवीन सुरू होते. त्यापेक्षा इथली बातमी कुठून कुठे जाते हे कळलं, तर यादी तुम्हीच कराल.

खरी अडचण अशी आहे की बडोद्यात कलाकार भरपूर आहेत आणि ते एकमेकांना ओळखतात. कुणी वर्गमित्र, कुणी गुरू, कुणी शेजारी. प्रदर्शनाचं निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की ज्यांनी यायला हवं ते येतात आणि हॉल भरतो. बाहेरच्या माणसासाठी वेगळी जाहिरात करायची गरजच पडत नाही. यात कुणी मुद्दाम दार लावून घेतलेलं नाही. आत गेलेल्याला सगळे आनंदाने दाखवतात. फक्त आत जायचं कुठून, ते कुणी सांगत नाही.

म्हणून शोधाचे दोन भाग करा. जे वर्षानुवर्षं जागेवर उभं आहे, त्यासाठी कुणाच्या निमंत्रणाची गरज नाही, नीट बघायची सवय हवी. जे आठ-दहा दिवसांत येऊन जातं, त्यासाठी माणसं हवीत. सुरुवात पहिल्यापासून करा, कारण तुमच्या रविवारांना तेच सोयीचं आहे.

कमाटी बागेच्या तोंडाशी काला घोडा आहे. रोज हजारो लोक त्याला वळसा घालून स्टेशनकडे जातात. मुंबईच्या काळ्या घोड्यावरचा स्वार कधीच राणीच्या बागेत नेऊन ठेवला. आपल्या घोड्यावर मात्र तिसरे सयाजीराव अजून बसलेले आहेत. त्यांच्या कारकिर्दीला 25 वर्षं झाली, त्या निमित्ताने 1907 साली हा कांस्यपुतळा उभा राहिला. शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड. याच माणसाने पुढे पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी, त्यांच्या जुन्या फोटोंवरून, पातळ धातूचे मुखवटे तयार केले. लोकांसमोर जायला त्यांना धीर यावा म्हणून. मुलांना मी ही गोष्ट तिथेच, पुतळ्यासमोर सांगते आणि मग विचारते, घोड्याचे कुठले पाय जमिनीवर आहेत, महाराज कुठे बघताहेत, चौथऱ्यावर काय लिहिलंय. हे तीन प्रश्न शहरातल्या कुठल्याही शिल्पापुढे चालतात. मोठ्या माणसांसाठी आणखी दोन असतात: हे कुणी केलं आणि पैसे कुणी दिले? पाटीवर देणगीदाराचं नाव ठळक आणि कलाकाराचं नावच नाही असं बऱ्याच सर्कलवर आढळेल. हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं. तुम्हाला असं शिल्प दिसलं तर कलाकाराचं नाव विचारत राहा. विचारणारे वाढले तरच ती नावं लागतील.

सर्कलवरून आठवलं. फतेगंजच्या सर्कलवर नागजीभाई पटेलांचं दगडी वडाचं शिल्प होतं. नागजीभाई करजणजवळच्या जुनी जिथरडी गावचे, इथेच शिकलेले, आणि दगडात काम करणाऱ्या आपल्या देशातल्या मोठ्या शिल्पकारांपैकी एक. 2017 साली गेले. उड्डाणपूल आला आणि ते शिल्प तिथून काढलं गेलं. आमच्या पिढीसाठी फतेगंज म्हणजे तो वड होता. शहराला रस्ता लागतो हे मलाही कळतं. पण सार्वजनिक कला कायमची असते असं धरून चालू नका, म्हणून हे सांगते आहे. जे आवडलं त्याचा फोटो घ्या, खाली तारीख आणि ठिकाण लिहा. मुलीला याची वही करायला लावा.

आता दोन जागांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते बडोद्यात राहून या दोन बघितल्या नाहीत तर बाकीचं बघून फारसं हाती लागत नाही.

पहिली कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं हे स्मृतिमंदिर 1936 साली बांधून झालं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत; ती रस्त्यावरूनही दिसतात. आतल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. सयाजीरावांनी त्यांना शांतिनिकेतनातून बोलावलं. महाराज 1939 च्या फेब्रुवारीत गेले, पण काम थांबलं नाही. 1939 ते 1946 या काळात नंदबाबू येऊन-जाऊन चित्रं पुरी करत राहिले. एका भिंतीवर गंगावतरण, एकीवर मीरेचं आयुष्य, एकीवर महाभारताचं युद्ध, आणि एकीवर रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ची कथा. राजाची मनाई झुगारून स्तूपापुढे नाचणाऱ्या आणि त्यासाठी जीव देणाऱ्या नर्तकीची ही कथा. राजघराण्याच्या स्मारकात, राजाज्ञा मोडणाऱ्या दासीचं चित्र! मला यात सयाजीरावांच्या काळाचं आणि नंदबाबूंचं, दोघांचंही मोठेपण दिसतं. तिथे घाईने फिरू नका. एका भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहा, मग दुसरीकडे वळा. रेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते एवढंच डोळ्याने पकडत जा. कलेतलं कळत नाही म्हणणाऱ्या माणसालाही तेवढं सहज जमतं. आत जाण्याची वेळ आणि फोटोचा नियम अधूनमधून बदलतो, म्हणून आदल्या दिवशी दारावर विचारून घ्या.

दुसरी जागा आपल्या लोकांच्या अगदी जवळची, दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या भागातला तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा. बाहेरून तुमच्या नाशिकच्या सरकारवाड्याची आठवण येईल. जिना चढून वर गेलात की खोलीच्या भिंती खालपासून वरपर्यंत रंगवलेल्या: कृष्णलीला, महाभारत, इंग्रज आणि मराठे यांच्या लढाया. एकोणिसाव्या शतकातलं काम आहे, करणाऱ्यांची नावं कुठेही नाहीत. पगडी, अंगरखा, नऊवारी, तोफा, सगळं त्या वेळच्या बडोद्यातलं. वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. रंग नाजूक आहेत, भिंतीला हात लावू देऊ नका, फ्लॅश मारू नका. कीर्तिमंदिर आणि तांबेकर वाडा एकाच दिवशी बघितलेत तर एक गोष्ट लक्षात येईल. इथे भिंत रंगवणं ही घरातली रीत होती, आणि पुढे बाहेरून आलेल्या एका मोठ्या चित्रकाराला त्याच गावात चार भिंती मिळाल्या.

कमाटी बागेतलं संग्रहालय 1894 चं आहे. अकोटा गावात सापडलेल्या प्राचीन जैन कांस्यमूर्ती तिथे आहेत आणि मुलीला निळ्या देवमाशाचा सांगाडा आवडेल. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फतेसिंहराव संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, तिकीट काढून बघा. ही ठिकाणं कुणीही सांगेल, म्हणून इथेच सोडते.

आता बदलत राहणाऱ्या भागाकडे.

बडोद्याच्या कलेचं पंचांग विद्यापीठाच्या वर्षावर चालतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 चं आणि फाईन आर्ट्स फॅकल्टी 1950 ची. मार्कंड भट्ट, शंखो चौधरी, पुढे के. जी. सुब्रमण्यन अशा शिक्षकांनी ती उभी केली. चित्रकला विभाग घडवणारे नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे, आपले मराठी. देशभरातून मुलं इथे शिकायला आली आणि त्यातली पुष्कळ शिकून झाल्यावर परत गेलीच नाहीत. स्टुडिओ थाटून इथेच राहिली. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर ही नावं तुम्ही ऐकली असतील. ती याच गावच्या गल्ल्यांमधून वावरलेली माणसं.

म्हणून तुमचा पहिला थांबा फाईन आर्ट्सचं पुष्पबाग आवार. काला घोड्याहून चालत जाता येतं. झाडांखाली जुन्या विद्यार्थ्यांची शिल्पं ठेवलेली आहेत. मात्र रविवारी कॉलेज बंद असतं, तेव्हा शनिवारी दुपारचा तास-दीड तास काढायचा प्रयत्न करा. फाटकावर नाव लिहून सोडतात की ओळखपत्र मागतात, हे त्या-त्या वेळच्या नियमावर असतं. आत गेलात की नोटीसबोर्ड वाचा, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये डोकवा. शहरातल्या बऱ्याच प्रदर्शनांची पत्रकं त्या बोर्डावर आधी लागतात.

वर्षातली सगळ्यात मोठी संधी म्हणजे परीक्षेच्या सुमाराला, उन्हाळा तापायला लागला की होणारा वार्षिक डिस्प्ले. शेवटच्या वर्षाची मुलं आपलं काम परीक्षकांसमोर मांडतात आणि तेच नंतर इतरांना बघायला मिळतं. वर्ग, कॉरिडॉर, फाउंड्री, सगळीकडे कामं लावलेली असतात आणि करणारा विद्यार्थी शेजारीच उभा असतो. त्याला विचारा, ‘हे कसं सुचलं?’ चार वर्षं त्या कामात घालवलेला मुलगा अगदी मनापासून सांगतो. गॅलरीतल्या कुठल्याही ओपनिंगपेक्षा इथे जास्त शिकायला मिळतं असं माझं स्पष्ट मत आहे. तारीख दर वर्षी हलते. मार्च संपला की विचारायला सुरुवात करा.

दुसरी गोष्ट फाईन आर्ट्सचा मेळा. 1961 मध्ये तो सुरू झाला. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, छपाईच्या वस्तू करतात आणि सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत विकतात. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक स्वतः लाकडाची खेळणी करायला बसत. मेळा दर वर्षी होत नाही, पण जाहीर झाला की मुलीला घेऊन जाच. नवरात्रात फाईन आर्ट्सचा गरबाही प्रसिद्ध आहे. मोठ्या मैदानांवरच्या गरब्यासारखे झगमगाट आणि भोंगे तिथे नसतात, गोल धरून जुन्या पद्धतीने खेळतात.

कॉलेजबाहेर खासगी गॅलऱ्या आहेत. अलेंबिक या औषध कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या आवारात काही इमारतींचे स्टुडिओ झाले आहेत, आणि ‘छाप’ ही मुद्राचित्रांची, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रांची, कार्यशाळा आहे. काही गॅलऱ्या रविवारी बंद असतात, म्हणून तुम्ही शनिवारची संध्याकाळ धरा. ओपनिंग बहुधा संध्याकाळीच असतं. तिकीट नसतं आणि निमंत्रणपत्र कुणी मागत नाही. सरळ आत जा, बघा, आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहा. पुष्कळ लोक ‘खूप छान’ लिहून नंबर टाकत नाहीत. पुढच्या प्रदर्शनाचा निरोप त्या नंबरांवरच जातो. तिथल्या कर्मचाऱ्याला एवढंच विचारा: ‘पुढचं कधी आहे आणि आणखी कुठे काय लागलंय?’ या एका प्रश्नातून जेवढं कळेल तेवढं इंटरनेटवर आठवडाभर शोधून कळणार नाही.

नव्या माणसाला सहसा न सुचणारी आणखी एक जागा सांगते: फ्रेमवाले. चित्रांना फ्रेम करणाऱ्या दुकानात जा. प्रदर्शनाच्या आठ-पंधरा दिवस आधी सगळी चित्रं तिथेच पडलेली असतात. कुणाचं काम आहे, कुठे लागणार, कधी, हे फ्रेमवाल्याला चित्रकाराच्या घरच्यांच्याही आधी माहीत असतं. रंग-कागदाच्या दुकानदारांचंही तसंच. मुलीसाठी रंग घ्यायला मोठ्या मॉलमध्ये न जाता अशा दुकानात जा, महिन्याभरात काउंटरवरची पत्रकं तुमच्यासाठी बाजूला ठेवली जातील.

गुजरातीची भीती बाळगू नका. लिपी बरीचशी डोक्यावरची रेघ नसलेल्या आपल्या अक्षरांसारखी आहे, आणि ‘प्रदर्शन’, ‘चित्रकार’, ‘शिल्प’, ‘उद्घाटन’ हे शब्द तेच आहेत. रोज सकाळी शहराच्या पुरवणीत एवढे चार शब्द शोधा. तुमची मुलगी शाळेत गुजराती शिकत असेलच, हे काम तिच्याकडे द्या. मराठी वाङ्मय परिषदेच्या कार्यक्रमांनाही एक-दोनदा जाऊन या. ते साहित्याचे असले तरी आपल्या लोकांत चित्रकार, नाटकवाले, गाणारे सगळे एकमेकांत मिसळलेले आहेत. एक ओळख झाली की ती तुम्हाला दुसरीकडे पोचवते.

गणपतीचे दिवस तर सोडूच नका. दांडिया बाजाराकडचे मंडप सगळेच बघतात. त्याआधी महिनाभर मूर्तिकारांकडे जाऊन शाडूचं काम बघा, डोळे काढताना बघा. ही आपल्याच गल्लीतली सार्वजनिक कला आहे, आणि ती करणाऱ्या कारागिराशी मराठीत बोलता येतं. पावसाळ्यात बाकीच्या कार्यक्रमांच्या तारखा मात्र गृहीत धरू नका. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं तेव्हा ठरलेलं काहीच जागेवर राहिलं नव्हतं. निघण्याआधी एक फोन करत जा.

कधी पूर्ण दिवस हाताशी असेल तर छोटा उदेपूरकडे जा. 2013 पर्यंत तो भाग बडोदा जिल्ह्यातच होता. तिथल्या राठवा आदिवासींच्या घरांत पिठोरा असतो, ओसरीच्या भिंतीभर घोडेच घोडे, शेत, विहीर, लग्नाची वरात. घरावर संकट आलं, नवस बोलला आणि तो पुरा झाला की पिठोरा काढायचा. आधी घरातल्या कुमारिका भिंत सारवतात. लखारा, म्हणजे त्यांचा चित्रकार, चित्र काढतो, रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात. शेवटी बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, एकेक आकृती ओळखून सांगतो आणि देव आले का ते बघतो. हा त्यांचा देव आहे, आपल्यासाठी मांडलेलं प्रदर्शन नाही. म्हणून कुणाच्या घरात अचानक शिरू नका आणि आधी कॅमेरा काढू नका. तेजगढला आदिवासी अकादमी आहे. भाषा-अभ्यासक गणेश देवी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि तिथे ‘वाचा’ नावाचं संग्रहालय आहे. आधी तिथे जा, त्यांच्याकडून रीत समजून घ्या, मग गावात जायचं की नाही ते ते लोक सांगतील.

इथवर खूप झालं, म्हणून तुमच्या वेळेत बसेल असं सांगते. पहिल्या दोन रविवारी काला घोडा, कीर्तिमंदिर आणि तांबेकर वाडा. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी फाईन आर्ट्सचा नोटीसबोर्ड आणि एक फ्रेमवाला. चौथ्यात जे काही लागलं असेल ते एक प्रदर्शन, वहीत नंबरासकट. यापुढचं तुमच्या आवडीवर आणि घरच्या वेळापत्रकावर आहे. कुणाला शिल्प ओढून घेतं, कुणाला छपाई, कुणाला फक्त गरबा.

राहिला मुलीचा प्रश्न. कंटाळेल का, असं विचारलंत. एका वेळी तीन जागा दाखवल्या तर नक्की कंटाळेल, एकच दाखवली तर नाही. तिच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि आवडलेली एक गोष्ट तिथेच बसून काढू द्या, चांगलं-वाईट म्हणू नका. विद्यार्थ्यांच्या कामातलं एखादं छोटं एचिंग, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, परवडण्यासारखं असतं. तिला एक निवडू द्या, करणाऱ्याच्या हातून घ्या आणि त्याची सही घ्या. ते तिच्या खोलीत लागलं की त्याचं पुढचं प्रदर्शन कधी आहे हे तीच तुम्हाला विचारेल. आणि शनिवारी दुपारी फाईन आर्ट्सला येणार असाल तर इथे आधी कळवा. फाटकाजवळ भेटून मी तुम्हा दोघींना आवार दाखवीन.